साडेबाराच्या शेखबाई

आमच्या रेडिओ केंद्रात कुठलंही नकोसं काम आलं की एक वाक्य ठरलेलं असे : ‘वरून आदेश आलाय.’ हे ऐकलं की शेखबाई मान वर करून छताकडे बघायच्या आणि म्हणायच्या, “वर तर पाण्याची टाकी आहे.” मग आदेशाचा कागद हातात घेऊन शेवटपर्यंत वाचायच्या. त्यातली मराठी हिंदीवरून घाईघाईनं उतरवलेली असे. बाई लाल पेन्सिलीनं तिच्यातल्या चुका दुरुस्त करायच्या. शेवटी ‘कृपया नोंद घेण्यात यावी’ असं असलं तर त्याखाली ‘घेतली’ एवढाच शेरा मारून सही करायच्या. सही गोल आणि वाचता येईल अशी. वाचता न येणारी सही ही जबाबदारी टाळायची पहिली पायरी आहे, असं त्यांचं मत होतं.

मी त्या केंद्रात हंगामी निवेदक म्हणून लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. यवतमाळहून शिकायला पुण्यात आले आणि इथंच राहिले. हंगामी म्हणजे महिन्यातून सहा दिवस काम. सहा दिवसांचं मानधन मिळायचं आणि सातव्या दिवसाची हमी नसायची. आवाजाच्या चाचणीला काचेपलीकडे तीन माणसं बसली होती. त्यातल्या दोघांनी काय विचारलं ते आता आठवत नाही. तिसऱ्या शेखबाई. सुती साडी, मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवलेलं घड्याळ, नाकावर उतरलेला चष्मा. त्यांनी मला रेशनकार्डाची मुदत वाढल्याची एक सूचना वाचायला दिली. मी ती अगदी पुणेरी होऊन वाचली. ‘ळ’ आणि ‘ण’ यांना तर विशेष जपलं.

“ठीक,” बाई म्हणाल्या. “आता हेच तुमच्या आईला फोनवर सांगा.”

मी गोंधळले. मग डोळे मिटून म्हटलं, “आई, कार्डाची तारीख वाढली म्हणते. तू काहून घाई करून राहिली?” बाकीचे दोघं हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर खूण केली.

“वाचायचं पहिल्यासारखं,” त्या म्हणाल्या. “बोलायचं दुसऱ्यासारखं. दोन्हीची अदलाबदल करू नका.”

आणि मग, प्रत्येक नव्या माणसाला विचारत तो प्रश्न त्यांनी मला विचारला : हा माइक कुणाचा? मी म्हटलं, सरकारचा. बाईंनी मान हलवली. केंद्राचा? पुन्हा तेच. “कामाला लागा,” त्या म्हणाल्या. “हळूहळू कळेल.” उत्तर त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही, पुढंही कधी सरळ सांगितलं नाही.

बाईंचं पूर्ण नाव रेहाना शेख. कार्यक्रम अधिकारी. घर कसबा पेठेत, तीन पिढ्यांपासून. त्या नदी ओलांडून चालत कामावर यायच्या आणि चालतच जायच्या. फोनवर त्यांच्याशी बोललेला श्रोता नाव ऐकून कधी कधी थबकायचा आणि म्हणायचा, बाई, तुमचं मराठी किती छान आहे हो. बाई शांतपणे उत्तर द्यायच्या, “तुमचंही बरं आहे.” मला, वयानं त्यांच्या मुलीसारखी असूनही, त्या ‘राऊतबाई’ म्हणायच्या. अरेतुरे त्यांनी शिपायालासुद्धा केलं नाही.

त्यांचे वडील बुकबाइंडर होते. त्या काळी घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टात जाऊन दरवर्षी परवान्याचे पैसे भरावे लागत आणि पुस्तिकेवर शिक्का घ्यावा लागे. वडील त्या दिवशी इस्त्रीची टोपी घालून पोस्टात जायचे. एकदा रेडिओवरच्या कुणी तरी संतांच्या अभंगातला एक शब्द चुकीचा उच्चारला. वडिलांनी केंद्राला पत्र लिहिलं; त्यात परवान्याचा क्रमांक घातला आणि खाली लिहिलं, मी पैसे भरतो, मला शुद्ध ऐकू यावं. आठ दिवसांनी केंद्रातून कार्ड आलं : चूक झाली, क्षमस्व. बाई तेव्हा चौथीत होत्या. पेठेतल्या एका बाइंडरची एवढी मोठी संस्था क्षमा मागते, हे त्यांना फार आवडलं. मोठेपणी इथंच नोकरी करायची हे त्यांनी तेव्हाच ठरवलं, असं त्या सांगायच्या; आणि लगेच जोडायच्या, “दुसरीकडे कुठं लागलीही नाही म्हणा.”

परवाना पुढं बंद झाला. “तेव्हा माणूस पोस्टात पैसे भरायचा आणि हक्कानं शिव्या द्यायचा,” त्या म्हणायच्या. “आता तो साबण घेताना कर भरतो, चहा घेताना भरतो. शिव्या द्यायचा हक्क आहे हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नाही.”

आमच्या संस्थेचं चालतं कसं, हे मला त्यांच्यामुळंच कळलं. कायद्यानं आम्ही सरकारपासून वेगळे. वर दिल्लीत एक मंडळ, त्यानं धोरण ठरवायचं. पण पगार यायचा तो सरकारच्या अनुदानातून. आणि कार्यक्रमांचा खर्च शक्यतो जाहिरातींतून काढा, असा तगादा दरवर्षी वाढत चाललेला. बाई हे एका वाक्यात सांगायच्या : “वेगळे निघालोय, पण चूल एकच आहे.”

त्यांचा जीव होता तो एका अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात. नाव ‘विचारा की’. सोमवार ते शुक्रवार, दुपारी साडेबाराला. लोकांनी फोन करायचा आणि अडचण सांगायची. पेन्शन थांबली, दाखला मिळत नाही, दवाखान्यात कोणत्या खिडकीवर जायचं, पोराला वसतिगृह मिळेल का. बाई आणि आम्ही हंगामी लोक आधी चौकशी करून ठेवायचो. जमलं तर लगेच, नाही तर दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायचो. बाई पावणेबाराला डबा खाऊन घ्यायच्या, चपाती आणि मेथी, कारण भुकेलं माणूस फोनवर तुटक बोलतं. कार्यक्रमात गाणी नव्हती, पाहुणे नव्हते. धुणीभांडी करणाऱ्या बाया, सुरक्षारक्षक, मांजरी गावाकडच्या उसाच्या फडातल्या बायका, बाहेरगावाहून आलेली पोरं असे लोक तो ऐकत. जाहिरातदारांना यातलं कुणीच नको होतं.

तरी एक आला. झाडांना फवारायचं टॉनिक बनवणारी एक कंपनी होती. तिचा माणूस केंद्रात आला आणि वर्षभराचं प्रायोजकत्व देतो म्हणाला. आमचे केंद्र संचालक देशपांडे साहेब खूश झाले. माणूस भला. दिल्लीचं उद्दिष्ट डोक्यावर घेऊन वावरणारा. अट एकच होती : शेतीचा प्रश्न आला की तज्ज्ञानं उत्तरात त्या टॉनिकचं नाव घ्यायचं. सहज आल्यासारखं.

बाईंनी त्या माणसाला चहा पाजला. म्हणाल्या, जाहिरात जरूर द्या, ती दिवसातून तीनदा वाजवू. आधी सांगू, ही जाहिरात आहे. नंतर सांगू, जाहिरात संपली. मधला वेळ तुमचा. पण सल्ला आमच्याकडे विकायला नाही. तो माणूस हसला. म्हणाला, मॅडम, सगळीकडे असंच चालतं. बाई म्हणाल्या, “मग तुम्हाला सगळीकडे जागा आहे. इथं नसली तर अडणार नाही.”

तो गेला आणि परत आला नाही. त्यानंतरच्या महिन्यात ‘विचारा की’चा खर्च कमी करायचं ठरलं. फोन घ्यायला दोन हंगामी निवेदक असत, तिथं एक उरली. माझे सहा दिवस होते, ते चार झाले.

मी चिडले. खोलीचं भाडं काही कमी झालं नव्हतं. दुपारी बाई फायली आवरत होत्या, तिथं जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, तत्त्व तुमचं, बाई, आणि पोट आमचं. तुम्हाला पहिल्या तारखेला पगार मिळतो.

बाईंचे हात थांबले. मला वाटलं, आता ऐकवतील. त्या एवढंच म्हणाल्या, “खरं आहे.” आणि पुन्हा फायली आवरायला लागल्या.

दुसऱ्या दिवसापासून बाई दुपारी दोननंतर जागेवर दिसेनाशा झाल्या. कुणाला काही सांगितलं नाही. तीन आठवड्यांनी कळलं, त्या जाहिराती मिळवायला फिरत होत्या. हे त्यांचं काम नव्हतं. त्यासाठी वेगळा विभाग होता आणि बाईंना कुणाकडे काही मागणं अजिबात जमत नसे. तरी पर्स काखेला लावून बसनं त्या मांजरीच्या रोपवाटिकेत गेल्या, एका पतपेढीत गेल्या, पेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानदाराकडे गेल्या. आरोग्य खात्याच्या लसीकरणाच्या जाहिराती कुठं तरी अडकून पडल्या होत्या, त्या सोडवून आणल्या. भांडीवाल्यानं त्यांना विचारलं म्हणे, रेडिओ अजून चालू आहे का? बाई म्हणाल्या, “तुमचं दुकान चालू आहे तसाच. गिऱ्हाईक येतं, पण सांगत नाही.” त्यानं सहा महिन्यांची जाहिरात दिली.

माझे सहा दिवस परत मिळाले. बाईंनी मला तसं सांगितलं नाही. नव्या महिन्याच्या तक्त्यात माझं नाव सहा ठिकाणी होतं. मी आभार मानायला गेले तर म्हणाल्या, “आभार भांडीवाल्याचे माना. आणि कुकर घ्यायचा असेल तर तिकडूनच घ्या.”

जाहिरातींनी खर्च पुरता निघत नव्हताच. तो निघणारही नव्हता. दोनेक वर्षांनी वरून, म्हणजे टाकीवरून नव्हे, दिल्लीहून, एक यादी आली. ज्या स्थानिक कार्यक्रमांचं उत्पन्न खर्चापेक्षा कमी, ते बंद करून त्या वेळात सगळ्या राज्यासाठी एकच कार्यक्रम लावायचा विचार होता. यादीत ‘विचारा की’ होतं. अंतिम निर्णयाआधी मंडळाचे एक सदस्य केंद्रांना भेटी देणार होते.

देशपांडे साहेबांनी भेटीची तयारी चोख केली. सभागृहात पडदा लावला, आलेख तयार केले. शेखबाईंनी दहा मिनिटं मागितली. साहेबांनी पाच दिली आणि वर विनंती केली की बाई, जरा गोड बोला.

सदस्य आले. साठीचे, उंच, मृदू बोलणारे. मूळचे नागपूरचे. हिशेब खात्यात मोठ्या पदावर आयुष्य गेलेलं, मराठी कळायचं पण बोलायची सवय सुटली होती. आलेख बघून झाले. शेखबाईंची पाळी आली तेव्हा सव्वाबारा वाजले होते. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, माझ्याकडे दाखवायला आलेख नाही. पण पंधरा मिनिटांनी कार्यक्रम सुरू होतोय आणि फोन घ्यायला आज एकच मुलगी आहे. सदस्यसाहेबांनी दोन फोन घेतले तर मदत होईल.

देशपांडे साहेबांचा चेहरा पांढरा पडला. सदस्यांनी क्षणभर बाईंकडे बघितलं, मग उठले. म्हणाले, चला.

फोनच्या खोलीत मी होते. बाईंनी त्यांना माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं, समोर कोरा कागद आणि पेन ठेवलं आणि काय करायचं ते मोजक्या शब्दांत सांगितलं : नाव, गाव आणि अडचण लिहून घ्यायची, अडवायचं नाही. हा फोन थेट हवेत, म्हणजे प्रसारणात, जात नसे. आम्ही प्रश्न लिहून आत द्यायचो आणि बाई स्टुडिओतून उत्तर द्यायच्या. त्या आत गेल्या. दार लागलं. लाल दिवा लागला.

पहिला फोन मांजरीहून आला. हौसाबाई नावाची बाई होती. आवाज एवढा खणखणीत की मला शेजारी बसून सगळं ऐकू येत होतं. तिच्या सासूची निराधार पेन्शन बंद झाली होती. कार्डावर नाव एक, बँकेत दुसरं. एका काना-मात्रेचा फरक. तीन वेळा हेलपाटे झाले होते आणि प्रत्येक वेळी एक दिवसाची मजुरी बुडाली होती. सदस्य लिहीत होते. मध्ये त्यांनी विचारलं, तुम्ही अर्ज दिला का. ती म्हणाली, कुठला अर्ज? तेच तर विचारायला फोन केलाय. ते म्हणाले, मला माहीत नाही.

मग हौसाबाई समजुतीच्या सुरात म्हणाली, “तुमी नवीन हाय का?”

“हो,” सदस्य म्हणाले.

“मग घाबरू नका. बाईंना इचारा, त्यांना ठावं हाय. मी रेडिओ लावून बसती.”

सदस्यांनी कागद आत पाठवला. काचेतून बाई दिसत होत्या. त्यांनी कागद वाचला, चष्मा वर सरकवला आणि माइकमध्ये सांगू लागल्या : हौसाबाई, तहसील कचेरीत अमुक खिडकी, सोबत हे दोन कागद, नाव एकच असल्याचं साध्या कागदावर लिहून द्यायचं, त्याचे पैसे कुणाला द्यायचे नाहीत; आणि सोमवारी जाऊ नका, सोमवारी गर्दी असते. सदस्य उभं राहून ऐकत होते. दोन फोन घ्यायचे ठरले होते. त्यांनी सात घेतले. सातवा संपला तेव्हा एक वाजला होता आणि त्यांचा चहा तसाच गार होऊन बसला होता.

जेवणाच्या टेबलावर त्यांनी विषय काढला. मी वाढायला मदत करत होते म्हणून ऐकलं. ते म्हणाले, कार्यक्रम चांगला आहे यात शंका नाही. पण मॅडम, सरकार असं किती वर्षं पैसे देत राहणार?

शेखबाईंनी घास खाली ठेवला. “साहेब, सरकार देत नाही. सरकार पोचवतं. पैसे हौसाबाईचे आहेत. पोस्टमन मनीऑर्डर आणून देतो, म्हणून आपण पोस्टमनचे मिंधे होत नाही. त्याला पाणी विचारावं, मान द्यावा. पण मनीऑर्डर ज्यानं पाठवली त्याला विसरून कसं चालेल?”

देशपांडे साहेब ताटातल्या कोशिंबिरीकडे बघत राहिले. सदस्यांनी मान डोलावली आणि थोड्या वेळानं नागपुरी वळणाच्या मराठीत विचारलं, “ती सोमवारी जाणार तर नाही ना?” बाई म्हणाल्या, “नाही जायची. सांगितलेलं ऐकते ती.”

निर्णय दोन महिन्यांनी आला. सकाळचा स्थानिक तास गेला. त्या जागी राज्याचा सामाईक कार्यक्रम आला. ‘विचारा की’ राहिलं, पण आठवड्यातून तीन दिवस. मला रडू आलं. बाईंनी आदेश वाचला, दोन ठिकाणी व्याकरण सुधारलं आणि म्हणाल्या, “पाचातले तीन. साठ टक्के. आमच्या वेळी याला पहिला वर्ग म्हणायचे.” मग लगेच कागद ओढून मंगळवार आणि गुरुवारचे प्रश्न बुधवार-शुक्रवारात कसे बसतील याचा तक्ता आखायला बसल्या. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा गुणगुणताना ऐकलं. सुरात नव्हत्या.

त्याच आठवड्यात हौसाबाईचा फोन आला. पेन्शन सुरू झाली होती. तिनं त्या नव्या माणसालाही कळवायला सांगितलं. बाईंनी दिल्लीच्या पत्त्यावर एक साधं कार्ड लिहिलं. उत्तर आलं की नाही मला माहीत नाही. बाईंनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

बाई निवृत्त झाल्या तो महिन्याचा शेवटचा दिवस शुक्रवार होता. त्यांनी साडेबाराचा कार्यक्रम केला. निरोपाचं एक अक्षर हवेत बोलल्या नाहीत. श्रोत्यांचा अर्धा तास आपल्यासाठी वापरायचा नाही म्हणाल्या. मग ओळखपत्र परत दिलं, कपाटाची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि चालत घरी गेल्या. आता तो कार्यक्रम मी करते. मोबाइलवर ॲपमधूनही तो ऐकतात, संदेश येतात, आणि फोन अजूनही वाजतो.

त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या नोव्हेंबरात. मी बँकेत माझ्या कामाला गेले होते. निवृत्तांची रांग लागली होती, हयातीचा दाखला द्यायला. दरवर्षी एकदा जाऊन आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं, तेव्हा पेन्शन चालू राहते. रांगेत पुढं शेखबाई होत्या. केस पूर्ण पांढरे, पायात कॅनव्हासचे बूट. मला बघून त्यांनी शेजारच्या आजोबांना जागा धरायला सांगितली आणि बाजूला आल्या. कार्यक्रमाचं विचारलं. मी म्हटलं, परवा एका उत्तरात चूक झाली. त्या म्हणाल्या, ऐकलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही दुरुस्त केलंत तेही ऐकलं.

त्यांची पाळी आली. खिडकीतल्या मुलानं यंत्रावर अंगठा ठेवायला सांगितलं. यंत्रानं तो घेतला नाही. त्यानं रुमाल दिला, बाईंनी अंगठा पुसून पुन्हा ठेवला. पुन्हा नाही. मुलगा म्हणाला, मॅडम, मशीन तुम्हाला ओळखत नाहीये.

“घाई नाही,” बाई म्हणाल्या. “मी जिवंत आहेच. तुमचं मशीन तपासा.”

मागची रांग हसली. मुलगाही हसला. तिसऱ्या वेळी यंत्रानं अंगठा घेतला. बाईंनी कागदावर सही केली, पावती घडी घालून पर्समध्ये ठेवली. दारात एक म्हातारे गृहस्थ फॉर्म हातात घेऊन गोंधळल्यासारखे उभे होते. बाई त्यांच्यापाशी थांबल्या, चष्मा नाकावर ओढला आणि त्यांचा फॉर्म हातात घेतला. माझा नंबर पुकारला गेला म्हणून मी आत वळले. काम उरकून बाहेर आले तेव्हा बाई बँकेच्या पायरीवर उन्हात बसल्या होत्या. त्या गृहस्थांचा फॉर्म भरून झाला होता आणि फॉर्म घेऊन आणखी दोघं त्यांच्यापुढं उभे होते.